कडा बोथट करण्याची विद्या

मालवण किनाऱ्यावरच्या तोंडवलीत लोखंडाला दोन वैरी. एक खारा वारा आणि दुसरा मुंबईहून निवृत्त होऊन गावी परतलेला माणूस. पहिला लोखंड खातो, दुसरा ते कापतो.

पहिल्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कालावलची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात सुरूच्या नि माडांच्या सावलीत आम्ही. वारा कुठूनही येवो, मीठ घेऊनच येतो. खिडकीचे गज, सायकलची चेन, पंपाचे नट, देवळातल्या घंटेची साखळी, सगळ्यांना तो सारखंच वागवतो. मानपानाची भानगड नाही. मध्यंतरी इथे सी-वर्ल्ड हा सरकारी पर्यटन प्रकल्प येणार म्हणून गावाचं नाव वर्तमानपत्रांतून बरंच गाजलं. लोकांनी विरोध केला, मोर्चे निघाले. त्या वादात मी पडत नाही, पण लोखंडाच्या बाजूने एवढंच सांगतो की तेवढे कठडे, कमानी आणि फाटकं या वाऱ्यात रंगवता रंगवता सरकारलाच गंज चढला असता.

दुसऱ्या वैऱ्याबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे. मुंबईत उभी हयात काढून माणूस गावी येतो. पहिल्या वर्षी घराची कौलं परतून घेतो. दुसऱ्या वर्षी गडग्यावरून शेजाऱ्याशी भांडतो. तिसऱ्या वर्षी पडवीच्या टोकाला एक बाकडं टाकतो, त्यावर व्हाइस बसवतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ‘वर्कशॉप बघून जा’ म्हणतो. हा क्रम सहसा चुकत नाही. आमच्या शेजारचे आबा याच क्रमाने आले. कचेरीत पस्तीस वर्षं काढली. तिथे लोखंडाशी संबंध आला तो टाचणीपुरता. पण निवृत्त माणसाच्या अंगात कुठला कारागीर दडलेला असतो हे फंडाचे पैसे हातात आल्याशिवाय कळत नाही.

आबांनी नारळ सोलायचं यंत्र करायला घेतलं. आमच्याकडची रीत जुनी आणि सरळ आहे. जमिनीत पारय, म्हणजे पहार, उभी रोवायची, तिच्या टोकावर नारळ आपटायचा, पिळायचा, की सोडण, म्हणजे वरचं साल, वेगळं. काकी, म्हणजे आबांच्या पत्नी, हे काम शेजारणीशी बोलता बोलता करतात. बोलणं संपतं तेव्हा नारळही संपलेले असतात. आबांच्या मते ही पद्धत अशास्त्रीय होती. तरफेवर उघडणाऱ्या दोन पात्यांची यंत्रं केरळात केव्हाच निघाली, मग तोंडवलीने काय घोडं मारलंय, असा त्यांचा सवाल. त्यांनी वहीच्या पानावर चित्र काढलं, तालुक्याच्या गावी एका फॅब्रिकेशनवाल्याला गाठलं, आणि त्याने ८ मिलिमीटरच्या प्लेटमधून गॅसने सगळे तुकडे कापून, पोत्यात भरून, वर दोरी बांधून दिले. “कडा तेवढ्या साफ करून घेया,” म्हणाला. सगळी गोम त्या ‘तेवढ्या’त होती.

गॅसने कापलेली कड ज्याने जवळून बघितली नाही त्याला हे कळायचं नाही. वरच्या अंगाला ज्योत सरकत गेल्याच्या बारीक तिरप्या रेघा. खालच्या अंगाला वितळून गोठलेल्या लोखंडाच्या मण्यांची माळ, काही मणी नखाने टिचकी मारल्यावर उडणारे, काही छिन्नीलाही दाद न देणारे. आणि या दोहोंच्या मध्ये, उजेडाकडे धरल्याशिवाय दिसत नाही अशी, कागदाइतकी पातळ एक उभी धार. फिटर लोक तिला बर म्हणतात. कोयत्याला तासभर घासून जी धार येत नाही ती इथे फुकट येते, आणि नको तिथे येते. आबांनी पोत्यात हात घातला आणि अंगठ्याला रक्त घेऊनच बाहेर काढला. काकींनी हळद लावली. “सुरवात तर बरी झाली,” एवढंच म्हणाल्या.

आता कडा कशाने साफ करायच्या? मुंबईत हा प्रश्न माणूस दुकानदाराला विचारतो. तोंडवलीत तो विचारावा लागत नाही. पडवीत लोखंड वाजलं की सल्लागार आपोआप गोळा होतात, आणि चहा संपेपर्यंत हलत नाहीत.

सगळ्यात वडीलधारे गोदीवाले काका. आयटीआयला फिटर ट्रेड केलेला, पुढे नोकरीभर माझगाव डॉकमध्ये. फिटरच्या शिक्षणाची सुरुवातच कानशीने होते. पोराच्या हातात लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा देतात आणि सांगतात, याला सहाही बाजूंनी सपाट आणि काटकोनात आण. पोरगं घासतं. गुण्या लावतं. उजेड दिसतो. पुन्हा घासतं. एक बाजू जमेपर्यंत दुसरी बिघडलेली असते, आणि दोन्ही जमेपर्यंत तुकडा मापाच्या खाली गेलेला असतो. या विद्येतून तावून सुलाखून निघालेल्या माणसाला यंत्राचं कौतुक सांगण्यात अर्थ नसतो. काकांनी पोतं पायाने उलथं केलं आणि म्हणाले, “आबानू, कानशीन घासा. हातान घासल्याशिवाय लोखंड कळणा नाय.”

समोरच्या बाजूला आबांचा भाचा. दुबईहून सुट्टीवर आलेला. तिकडे त्याने सहा पदरी रस्ते, शंभर मजली इमारती आणि बिनतारी ग्राइंडर बघितलेले. “मामा, ह्या जमान्यात कानस? ग्राइंडर घेवया. दोन मिनटांत काम खलास.” शेवटचं वाक्य पुढे शब्दशः खरं ठरलं, ते ओघाने येईलच.

काकींचं मत कोणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनी ते स्वयंपाकघरातून मोठ्याने दिलं. “माझो कोयतो मी इतकी वर्सां विहिरीवरच्या धोंडीर घासतंय. कधी कोणाक दुकानात धाडलंय?” मुद्दा बिनतोड होता, फक्त उलट दिशेचा. त्यांना धार आणायची होती, आबांना घालवायची. पण हा फरक समजावून सांगायचं धाडस पडवीत कोणी केलं नाही.

सेवानिवृत्त मास्तरांचा प्रश्न वेगळाच. “समोर एवढी वाळू पसरलेली असताना पॉलिश पेपर विकत कशाला घ्यायचा?” आता, मास्तरांच्या प्रश्नाला हसण्याआधी थोडा विचार केला पाहिजे. वाळूतली गारगोटी साध्या लोखंडापेक्षा कठीण असतेच. अडचण अशी की आमच्या किनाऱ्यावरच्या वाळूला समुद्राने किती काळ लाटांत घोळवलंय कोण जाणे. तिचे कोपरे कधीच झिजून गेलेत. घासणाऱ्या कणाला कोपरे लागतात. स्वतः गोल झालेला कण दुसऱ्याला काय कापणार? म्हणून पॉलिश पेपरवर किनाऱ्यावरची वाळू नसते, मुद्दाम भट्टीत बनवून फोडलेले कण असतात. यातला एक कण सापडला तोही चुकून. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अॅचेसन कोळसा आणि माती विजेच्या भट्टीत तापवून कृत्रिम हिरा करायला बसला होता. हिरा झाला नाही, पण काचेवर ओरखडा काढणारे चकचकीत स्फटिक निघाले. तेच कार्बोरंडम. हिरा राहिला बाजूला आणि जगाला धार लावायचा दगड मिळाला.

त्याच्या आधी लोक काय करत? जगात कित्येक किनाऱ्यांवर सुतार शार्क माशाची वाळवलेली कातडी लाकूड घासायला वापरत, कारण तिच्यावर बारीक बारीक दात असतात. मालवणच्या किनाऱ्यावर शार्कला काही तोटा नव्हता. पण आमच्याकडे तिला मोरी म्हणतात आणि ती बाजारातून थेट चुलीवर जाते. कातडी गरम पाण्याने घासून काढायची आणि वर मसाला घालून मोरीचं मटण करायचं. मालवणी माणसापुढे शार्क आल्यावर त्याला सुतारकाम सुचेल अशी अपेक्षाच चुकीची आहे.

असो. शेवटी कानस घ्यायची ठरली, कारण ती स्वस्त होती. मी आबांबरोबर तालुक्याच्या बाजारात गेलो, मास्तरही आले. कानस म्हणजे कानस, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी हार्डवेअरच्या दुकानात एकदा जाऊन यावं. लांबीप्रमाणे सहा इंचांपासून चौदा इंचांपर्यंत. आकाराप्रमाणे चपटी, अर्धगोल, गोल, चौकोनी, तिकोनी. आणि दातांच्या जाडीप्रमाणे रफ, बास्टर्ड, सेकंड कट, स्मूथ. दुकानदाराने मास्तरांकडे बघून निर्विकारपणे विचारलं, “तुमका बास्टर्ड होयो, काय स्मूथ?” चाळीस वर्षं मुलांच्या तोंडून असा शब्द निघाला की छडी उचलणाऱ्या मास्तरांनी दुकानाबाहेर जाऊन पान लावलं.

काकांनी बजावून पाठवलं होतं: दहा इंची अर्धगोल, बास्टर्ड कट. या सल्ल्यात पुष्कळ अक्कल आहे. अर्धगोल कानशीची एक बाजू सपाट असते, ती सरळ कडांना लागते. दुसरी फुगीर, ती भोकांना आणि आतल्या वळणांना. म्हणजे एका पैशात दोन कानशी. दात भरड, त्यामुळे माल लवकर निघतो. आणि हात हलका ठेवला, कानस आडवी धरून अंगाकडे-बाहेर ओढली, तर तीच भरड कानस बऱ्यापैकी गुळगुळीत कडही देते. वर आणखी एक छोटी स्मूथ घेतली की घरच्या कामातलं निम्म्याहून जास्त काम भागतं. दुकानदाराने पंचवीस नगांचा संच समोर मांडला होता, लाल मखमलीच्या पेटीत. अशा संचातल्या दोन कानशी झिजतात आणि तेवीस गंजतात.

गंमत म्हणजे ही विद्या आपल्याकडे परकी नाही. जे. के. च्या कानशी रत्नागिरीत बनतात आणि जगभर जातात. तो कारखाना उभा केला रेमंडवाल्यांनी. नवरदेवाच्या सुटाचं कापड आणि लोखंडाची कानस एकाच घराण्यातली, यात मला तरी काही विसंगती दिसत नाही. खडबडीत मालाला चारचौघांत नेण्याजोगं करायचं, हाच दोन्हींचा उद्देश. उत्तरेला उरणजवळ मोरा बंदर, भाऊच्या धक्क्यावरून लाँच जाते तेच, तिथे १९४१ साली ग्राइंडवेलने ग्राइंडिंग व्हील करायला सुरुवात केली. म्हणजे कानस कोकणची आणि घासायचा दगडही कोकणचा. तरी कोकणी माणसाचा स्वभाव अजून खरखरीत राहिलाय तो केवळ कच्चा माल फार चिवट असल्यामुळे.

घरी आल्यावर काकांनी शिकवणी सुरू केली. पहिला धडा मुठीचा. कानशीला लाकडी मूठ बसवल्याशिवाय हात लावायचा नाही. मागचं टोकेरी शेपूट तसंच धरून जोर लावला आणि कानस अडकली तर ते शेपूट सरळ तळहातात जातं. दुसरा धडा चालीचा. कानस पुढे जाताना कापते. मागे येताना ती उचलायची. मागे ओढतानाही दाबून धरली तर लोखंड निघत नाही, दात तेवढे झिजतात. आबा करवतीसारखी पुढे-मागे चालवत होते आणि प्रत्येक वेळी कानस कर्कश ओरडत होती. “ती बोंबलता कित्याक ता बघा,” काका म्हणाले. तिसरा धडा तोल सांभाळण्याचा. पुढे जाताना एक हात जड, दुसरा हलका, आणि अर्ध्या वाटेवर दोघांची अदलाबदल. नाहीतर कानस डुलते आणि सपाट कडेला मध्येच पोट सुटतं. आबांच्या पहिल्या पट्टीला सुटलेलं पोट बघून काकांनी एकवार पट्टीकडे आणि एकवार आबांकडे पाहिलं, पण बोलले नाहीत. गोदीतली शिस्त.

चौथा धडा खडूचा. घासायच्या आधी कानशीच्या दातांत शाळेतला खडू घासून घ्यायचा. मग लोखंडाचे कण दातांत चिकटत नाहीत. नाहीतर एखादा कण रुतून बसतो आणि गुळगुळीत केलेल्या कडेवर लांबलचक ओरखडा ओढतो. मास्तरांना या धड्याने फार बरं वाटलं. त्यांच्याकडे खडूचे खोके शिल्लक होते.

एका बाबतीत मात्र पुस्तक आणि तोंडवली यांचं जमत नाही. पुस्तक म्हणतं, कानशीला तेल लावू नका, तेलकट कानस घसरते. तोंडवलीचा पावसाळा म्हणतो, तेल न लावता ठेवून दाखव. जून ते सप्टेंबर इथे कोरडी कानस म्हणजे गंजाचा आयता नाश्ता, आणि कानशीच्या दातांचं टोक गेलं की उरते ती नुसती पट्टी. काकांचा तोडगा असा: मिरग लागला की तेलाचा हात फिरवून, एकेक वेगळी कागदात गुंडाळून ठेवायची, आणि चतुर्थीनंतर रॉकेलने धुऊन, खडू लावून पुन्हा कामाला घ्यायची. एकेक वेगळी, कारण कानशी एकमेकींवर घासल्या की एकमेकींचे दात पाडतात. आमच्या वाडीतल्या भाऊबंदांना हे समजावून सांगावं लागत नाही.

या गतीने आबांच्या तीन कडा झाल्या, आणि भाच्याची सुट्टी संपत आली. मग ग्राइंडर आला.

“ग्राइंडर हाडतंय,” असं आबांनी जाहीर केलं तेव्हा काकींना गहिवरून आलं. घरातला मिक्सर कितीतरी दिवस कुरकुरत होता आणि खोबऱ्याचं वाटप बारीक होत नव्हतं. खोकं उघडल्यावर दुपारची सोलकढी बंद झाली.

अँगल ग्राइंडर ही १९५४ साली जर्मनीतल्या फ्लेक्स कंपनीने काढलेली वस्तू. दिसायला हाताएवढी, पण तिची चार इंची चकती मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेते. हिशेब करून बघा, चकतीची कड ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने धावते. कोकणात या वेगाने दुसरं काहीही जात नाही. २०११ साली ज्याचं रुंदीकरण सुरू झालं त्या मुंबई-गोवा महामार्गाचा तर इथे विषयच नको.

इतकं वेगवान जनावर घरात आल्यावर त्याच्या रीतीभाती आधी शिकाव्यात. पण आपल्याकडे ग्राइंडर घेतल्यावर करायचं पहिलं काम ठरलेलं असतं: चकतीवरचं गार्ड काढून कपाटावर ठेवायचं, कारण ते मध्ये येतं. ते मध्ये यावं म्हणूनच बसवलेलं असतं, हे ऐकायला कोणी थांबत नाही. दुसरं, कापायची चकती वेगळी आणि घासायची वेगळी. कापायची पातळ, एक-दीड मिलिमीटरची. तिच्या अंगाने घासू नये, ती तडकते, आणि तडकल्यावर तिचे तुकडे त्याच दोनशेच्या वेगाने निघतात. तिसरं, चकतीलाही मुदत असते. मधल्या भोकाभोवती जी धातूची कडी असते तिच्यावर वर्ष-महिना छापलेला असतो. कण धरून ठेवणारं रेझिन दमट हवेत कमकुवत होतं, म्हणून बनवल्यापासून तीन वर्षांनी चकती टाकून द्यायची. बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख चष्मा लावून वाचणारी माणसं ही तारीख कधी वाचत नाहीत. बिस्कीट शिळं निघालं तर पोट बिघडतं. चकती शिळी निघाली तर चष्मा लावायला डोळा असावा लागतो.

भाच्याने ग्राइंडर सुरू केला तो बरोबर जेवणानंतर, सगळी वाडी आडवी झालेली असताना. पहिल्या किंचाळीला कुत्रे पळाले. दुसऱ्या किंचाळीला पलीकडच्या घरातून एक आजी काठी टेकत आल्या आणि कोण मेलं म्हणून विचारून गेल्या. ठिणग्यांचा फवारा अंगणात गेला. तुळशीवृंदावनाला नुकता पांढरा रंग दिलेला होता. दिसायला काहीच झालं नाही, पण ठिणगी म्हणजे जळतं लोखंडच असतं. तिचे कण रंगात रुतून बसले, आणि सकाळी दवाने नि खाऱ्या वाऱ्याने आपलं काम केल्यावर वृंदावनाच्या एका बाजूला तांबूस तीळच तीळ उठले. काकी तुळशीला पाणी घालायला गेल्या आणि तांब्या तिथेच ठेवून परत आल्या. पुढचा संवाद छापण्याजोगा नाही.

पण खरा प्रकार पुढेच आहे. यंत्राची दोन पाती प्लेटची नव्हती. साधं लोखंड धार धरत नाही, म्हणून आबांनी ती लोहाराकडून ट्रकच्या जुन्या कमान-पाट्यातून मुद्दाम करून आणली होती. लोहाराने ती तापवून, पाणी देऊन, टणक केली होती. कोकणातले कित्येक कोयते याच पाट्यांतून जन्माला येतात. भाच्याच्या हाताला आता गती आली होती. समोर येईल त्या कडेवरून तो फिरत गेला आणि पात्यांवरूनही गेला. दोन मिनिटांत काम खलास. धार तर बोथट झालीच, शिवाय कडेवर गवती, मग जांभळी, मग मोरपंखी निळी झाक चढली. भाच्याला ती फार आवडली. “पॉलिश इला बघा,” म्हणाला.

लोहाराने पातं हातात घेतलं, निळ्या पट्ट्यावर अंगठा फिरवला, व्हाइसवर जुन्या कानशीचं टोक ओढून बघितलं. कानस खसकन रुतली. “पानी गेला ह्येचा,” म्हणाला आणि पातं परत देऊन टाकलं. पोलाद घासताना तीनशे अंशांच्या आसपास तापलं की निळं पडतं, आणि निळं पडलं की त्याचा टणकपणा उतरतो. म्हणून धारेची वस्तू ग्राइंडरवर घासायची झाली तर हलक्या हाताने, पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवून, बोटाला चटका बसायच्या आत थांबायचं. हे सगळं लोहार भाच्याला उलगडून सांगत होता आणि भाचा विमानाची वेळ बघत होता.

तो गेल्यावर आबांनी उरलेलं काम दोन्ही हत्यारांत वाटून घेतलं, आणि माझ्या मते हेच बरोबर आहे. किती माल काढायचाय ते आधी बघावं. गॅसची माळ, जाड बर, वेल्डिंगचा ढिगारा असला काही मिलिमीटरचा ऐवज कानशीने काढायला बसलं तर जन्म जाईल; तिथे ग्राइंडर. त्यातही नवशिक्याने कडक दगडी चकतीऐवजी फ्लॅप डिस्क घ्यावी, एकावर एक चढवलेल्या पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची. ती खड्डे पाडत नाही. चाळीस नंबरने सुरुवात, ऐंशीने शेवट. आकडा वाढेल तसा कण बारीक. शेवटची केसाएवढी बर, भोकांची तोंडं, हात लागतो त्या जागा, हे सगळं कानशीने. छिद्रांच्या तोंडाला तर मोठा ड्रिल बिट नुसत्या हाताने दोनदा फिरवला तरी पुरतं. अॅल्युमिनियम असेल तर चकतीच्या वाटेला जाऊ नये, ते मऊ असतं आणि कणांच्या फटीत जाऊन बसतं; खडू लावलेली कानस बरी. आणि स्टेनलेससाठी चकती, कानस, ब्रश सगळं वेगळं ठेवावं. साध्या लोखंडाला लागलेली चकती स्टेनलेसवर फिरली की तिचे कण तिथे राहतात, आणि मग ‘स्टेनलेसला गंज आला, दुकानदाराने फसवलं’ असं माणूस गावभर सांगत फिरतो. होडीवाल्यांमध्ये या कारणाने मोडलेली मैत्री माझ्या पाहण्यात आहे.

साफ केलेली कड रात्रभर उघडी ठेवू नये, हे तोंडवलीपुरतं वेगळं सांगायला हवं. संध्याकाळी चकचकीत केलेलं लोखंड सकाळी चहाच्या रंगाचं होतं. घासलं की लगेच रेड ऑक्साइडचा हात मारायचा, चहा नंतर.

यंत्र अखेर उभं राहिलं. लोहाराने पात्यांना पुन्हा पाणी दिलं, काकांनी मूठ स्वतः घासून दिली, इतकी की हात फिरवत राहावंसं वाटतं. उद्घाटनाला मास्तरांनी दोन शब्द सांगितले. आबांनी तरफ दाबली, पाती उघडली, सोडण फाटलं, आणि नारळ स्वच्छ सोलून हातात आला. टाळ्या झाल्या. तेवढ्या वेळात मागच्या अंगणात काकींनी पारयेवर चार सोलले होते. यंत्र आता पडवीत आहे आणि पाहुण्यांना दाखवायच्या कामी येतं. एकालाही अजून खरचटलेलं नाही.

कोणी नवीन वर्कशॉप काढत असेल तर त्याने पहिल्यांदा डोळ्यांचा चष्मा घ्यावा, साधा नव्हे, बाजूंनी बंद असणारा. मग व्हाइस, मग मूठ बसवलेली दहा इंची अर्धगोल कानस. ग्राइंडर पुढच्या वर्षी घ्यावा, आणि गार्ड कपाटावर ठेवू नये. आणि जाता जाता वाडीतल्या सर्वांना एक विनंती: आबांची कानस चतुर्थीत मखराच्या कामाला म्हणून कोणीतरी मागून नेली आहे, ती अजून परत आलेली नाही. ज्याच्याकडे असेल त्याने पडवीत आणून ठेवावी. कोण काही विचारणार नाही. फक्त तिने नारळ सोलायचा प्रयत्न झाला असेल तर तसं सांगावं. कानशीचं पोलाद टणक असलं तरी ठिसूळ असतं, टोक मोडलं असेल तर लोहाराकडे सुरी करायला देता येईल.